शुक्रवारी लागला, सोमवारी उतरला: मराठी सिनेमाचे खेळ जातात कुठे?

गेल्या हिवाळ्यात आईला घेऊन एक मराठी सिनेमा बघायला निघाले होते. शुक्रवारी लागला होता. शनिवार-रविवार घरात पाहुणे, म्हणून सोमवारचं ठरवलं. रिक्षात बसल्यावर तिकीट काढायला मोबाइल उघडला, तर यादीत सिनेमाचं नावच नाही. शनिवारी त्याच थिएटरला दोन खेळ दिसत होते. तरी गेलो. बाहेर पोस्टर होतंच. खिडकीवरचा मुलगा म्हणाला, "मॅडम, तो उतरला." आईने विचारलं, "उतरला म्हणजे? तीन दिवसांत? प्रिंट परत नेली का?"

आईचं सिनेमा बघणं प्रिंटच्या, म्हणजे थिएटरला येणाऱ्या फिल्मच्या रिळांच्या, काळातलं, म्हणून तिने तसं विचारलं. पण प्रश्न अगदी नेमका आहे. आता परत न्यायला प्रिंटच नसते, आणि सिनेमा तीन दिवसांत उतरू शकतो तो त्यामुळेच.

मराठी सिनेमाला शो मिळत नाहीत ही बातमी दर काही महिन्यांनी येते. निर्माता कॅमेऱ्यासमोर कळवळून बोलतो, एखाद्या पक्षाचे कार्यकर्ते थिएटरवर जातात, थिएटरवाले सांगतात की प्रेक्षकच नव्हते. प्रेक्षागृहाच्या मागच्या छोट्या खोलीत गेल्या वीस वर्षांत काय बदललं, हे त्यात कुणीच सांगत नाही. ते कळलं की बाकीचं भांडणही समजायला सोपं जातं.

पेटी यायची ते दिवस

आमच्या तालुक्याच्या गावी एकच थिएटर होतं. गुरुवारी संध्याकाळी एसटीच्या टपावरून पत्र्याची पेटी उतरायची आणि हमाल ती हातगाडीवर घालून थिएटरला न्यायचा. त्या पेटीत सिनेमा असायचा, अगदी शब्दशः.

३५ मिलिमीटरच्या फिल्मवर एका सेकंदात २४ चित्रं सरकतात. एका फुटात १६ चित्रं बसतात, म्हणजे मिनिटाला ९० फूट फिल्म लागते. अडीच तासांच्या सिनेमाला साडेतेरा हजार फूट, चार किलोमीटरपेक्षा जास्त. हजार-हजार फुटांच्या रिळांत भरली तर चौदा रिळं आणि वजन तीस किलोच्या घरात. सिनेमा सुरू होण्याआधी सेन्सॉरचं प्रमाणपत्र दिसायचं, त्यावर 'रिळे' आणि 'लांबी, मीटर' असे रकाने असायचे ते आठवत असेल. सिनेमा तेव्हा लांबीने मोजला जायचा.

ऑपरेटरच्या खोलीत मी लहानपणी दोन-तीनदा गेले आहे. दोन प्रोजेक्टर शेजारी-शेजारी, कार्बनच्या कांड्यांचा डोळे दिपवणारा उजेड आणि उकाडा. एका यंत्रावरचं रीळ संपत आलं की पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात क्षणभर एक ठिपका चमकायचा. तो दिसला की ऑपरेटर काका दुसरं यंत्र सुरू करायचे, काही सेकंदांनी दुसरा ठिपका आला की उजेड इकडून तिकडे वळवायचे. खाली बसलेल्या चारशे माणसांना पत्ता लागायचा नाही. फिल्म तुटली की ते ब्लेडने टोकावरचा थर खरवडून, फिल्म चिकटवायचं सिमेंट लावून, चिमटीत धरून जोड द्यायचे. दर जोडाला एक-दोन चित्रं जायची. आमच्या गावी प्रिंट यायची ती पुण्या-कोल्हापुरात, साताऱ्यात महिनोन्महिने फिरून. तोवर पडद्यावर पाऊस पडल्यासारख्या रेघा असायच्या आणि गाण्याचं अर्धं कडवं जोडांत गेलेलं असायचं.

एवढं सोसायचं कारण पैसा. सेल्युलॉइडच्या शेवटच्या वर्षांत एका प्रिंटला साठ हजारांच्या आसपास खर्च यायचा. वीस प्रिंट काढल्या तरी बारा लाख. साध्या मराठी निर्मात्याला त्याहून जास्त परवडत नसे. म्हणून त्याच वीस प्रिंट गावोगाव फिरायच्या: आधी मोठी शहरं, मग जिल्हा, मग तालुका, आणि शेवटी जत्रेतला तंबू.

पेटीच्या जागी फाइल

२००५च्या सुमारास भारतात डिजिटल प्रक्षेपण पसरू लागलं. त्याच वर्षी हॉलिवूडच्या मोठ्या स्टुडिओंनी मिळून डिजिटल सिनेमा कसा असावा याचे नियम प्रसिद्ध केले. त्या नियमांनुसार तयार होणाऱ्या फाइलींच्या गठ्ठ्याला डिजिटल सिनेमा पॅकेज, म्हणजे 'डीसीपी' म्हणतात. अडीच तासांचा सिनेमा साधारण दीडशे ते तीनशे जीबी भरतो आणि हार्ड डिस्कवरून थिएटरच्या सर्व्हरमध्ये उतरवला जातो.

तोच सिनेमा आपल्या मोबाइलवर दोन-तीन जीबीत मावतो, मग इथे एवढी जागा का? किराण्याच्या यादीचा विचार करा. दर महिन्याला पूर्ण यादी लिहिणं ही एक पद्धत. 'मागच्या महिन्यासारखंच, फक्त तेल एक लिटर जास्त' एवढंच लिहिणं ही दुसरी. मोबाइलवरचा व्हिडिओ दुसऱ्या पद्धतीने चालतो, आधीच्या चित्रापेक्षा काय बदललं तेवढंच साठवतो. डीसीपीत सेकंदाची २४ही चित्रं पूर्ण आणि वेगवेगळी लिहिलेली असतात. जागा जास्त लागते, पण मोठ्या पडद्यावर चित्र फाटत नाही.

भारतात मात्र या महागड्या पद्धतीच्या शेजारी एक स्वस्त वाटही निघाली. मुंबईची यूएफओ मूव्हीज आणि चेन्नईची क्यूब या कंपन्यांनी इथल्या थिएटरांना परवडेल असे प्रोजेक्टर आणि सर्व्हर बसवायला सुरुवात केली. यूएफओने तर थिएटरच्या गच्चीवर डिश लावून उपग्रहावरून सिनेमा पाठवला. एसटीच्या टपावरची पेटी गेली. तालुक्याच्या थिएटरमध्ये मुंबईच्याच दिवशी, मुंबईसारखंच स्वच्छ चित्र दिसू लागलं. जत्रेत तंबू ठोकणाऱ्या टुरिंग टॉकीजवाल्यांनीही ट्रकवरचे जुने प्रोजेक्टर उतरवून डिजिटल यंत्रं चढवली. जगभरात फिल्मची मागणी इतकी झपाट्याने आटली की जानेवारी २०१२मध्ये कोडॅकने दिवाळखोरीचा अर्ज केला आणि पुढच्या वर्षी फुजीने सिनेमाची फिल्म बनवणं थांबवलं.

हा बदल मी मनापासून चांगला मानते. ज्याने सी सेंटरला, म्हणजे वाटपाच्या उतरंडीतल्या शेवटच्या गावांत, तुटकी प्रिंट बघितली आहे त्याला त्याची किंमत कळते. शिवाय न्यू जर्सी, लंडन किंवा दुबईतल्या मराठी मंडळींना एका रविवारसाठी हॉल घेऊन नवा मराठी सिनेमा बघता येतो. तीस किलोची पेटी विमानाने धाडून हे कधीच जमलं नसतं.

किल्ली कुणाच्या हातात?

फाइल सहज पोचते, तशी चोरीलाही सहज जाऊ शकते. म्हणून ती कुलूपबंद करून पाठवतात आणि किल्ली वेगळी, ईमेलने येते. तिला 'केडीएम' म्हणतात, आपण किल्लीच म्हणू. एसटीचा पास कसा असतो? नाव ठरलेलं, मार्ग ठरलेला, तारीख ठरलेली. ही किल्ली तशीच. अमुक थिएटरच्या अमुक पडद्याच्या यंत्रालाच ती लागते, शुक्रवारी सकाळी अमुक वाजल्यापासून अमुक गुरुवारी रात्रीपर्यंतच चालते. शेजारच्या पडद्यावर सिनेमा हलवायचा तर त्या यंत्राची वेगळी किल्ली हवी.

पहिल्या खेळाला कधी कधी उशीर होतो आणि पडद्यावर नुसत्या जाहिराती फिरत राहतात, तेव्हा पुष्कळदा किल्ली आलेली नसते. पूर्वी एसटी घाटात बंद पडली म्हणून आमचा खेळ रखडायचा, तसंच हे.

किल्लीमुळे निर्मात्याचा एक जुना ताप मिटला. पूर्वी आडगावच्या थिएटरने चारऐवजी पाच खेळ केले तरी त्याला कळायची सोय नसे. आता सर्व्हरवर प्रत्येक खेळाची नोंद होते. चित्रात डोळ्यांना न दिसणारी खूणही असते. कुणी मोबाइलवर सिनेमा चोरून काढला तर तो कोणत्या थिएटरात, कोणत्या खेळाला काढला हे त्यावरून शोधता येतं.

आणणं स्वस्त झालं, काढणं फुकट

आता आईच्या प्रश्नाकडे वळते.

थिएटरने गुरुवारी पेटी आणली की तो सिनेमा निदान आठवडाभर तिथे राहायचा. १२, ३, ६, ९ असे रोज चार खेळ. सोमवारी गर्दी कमी असली तरी मालक काय लावणार? दुसरी पेटी आलेली नसायची. जड पेटी सिनेमाला एका जागी थोपवून धरायची. त्या आठवड्यात पहिल्या दिवशी बघून आलेला माणूस चहाच्या टपरीवर सांगायचा, बाजाराच्या दिवशी गावात चर्चा व्हायची आणि दुसऱ्या आठवड्याला गर्दी यायची. २५ आठवडे चालला की रौप्यमहोत्सव. दादा कोंडके यांच्या सिनेमांचे रौप्यमहोत्सव अशाच तोंडी जाहिरातीवर उभे राहिले.

आज मल्टिप्लेक्सच्या सर्व्हरवर एकाच वेळी पाच-सहा सिनेमे भरलेले असतात. किल्ल्याही असतात. सकाळी व्यवस्थापक बुकिंगचे आकडे बघतो. दुपारी पाऊणच्या मराठी खेळाला नऊ तिकिटं गेली आहेत आणि शेजारच्या हिंदी सिनेमाचा खेळ भरत आला आहे. तो संगणकावर एका नावाच्या जागी दुसरं नाव ठेवतो. पेटी हलत नाही, ऑपरेटर लागत नाही, खर्च शून्य. ज्या तंत्राने मराठी सिनेमाला तीनशे पडद्यांवर एकाच दिवशी पोचवलं (प्रिंटच्या भावात त्याला एक कोटी ऐंशी लाख लागले असते), त्याच तंत्राने त्याला एका दिवसात उतरवणंही सोपं केलं. दार दोन्ही बाजूंनी उघडतं.

पडदा मात्र तेवढाच आहे. एका पडद्यावर दिवसात पाच, फार तर सहा खेळ बसतात. सिनेमा पोचवणं महाग होतं तेव्हा थोडेच सिनेमे रांगेत असायचे. आता सगळेच पोचतात आणि त्याच पाच खेळांसाठी भांडतात. त्या भांडणात ज्याच्याकडे जाहिरातीला पैसा आहे त्याचा शुक्रवार भरतो. ज्याची जाहिरात प्रेक्षकांच्या तोंडूनच व्हायची, त्याला बोललं जाईपर्यंतचा वेळच मिळत नाही.

मग हा व्हीपीएफ काय असतो?

निर्मात्यांच्या तक्रारीत हा शब्द हमखास येतो: व्हर्च्युअल प्रिंट फी. डिजिटल यंत्रं महाग होती आणि ती घ्यायची होती थिएटरने. पण प्रिंटचा खर्च वाचणार होता निर्मात्याचा-वितरकाचा. म्हणून जगभर एक तोड निघाली: वाचलेल्या पैशातला काही भाग वितरकाने दर सिनेमागणिक द्यायचा आणि त्यातून यंत्राचे हप्ते फिटायचे. नवी विहीर खणल्यावर पाणी घेणाऱ्या प्रत्येकाने काही वर्षं थोडी पट्टी भरावी, तसं हे. अमेरिका-युरोपात हप्ते फिटल्यावर ही फी बहुतेक ठिकाणी बंद झाली. आपल्याकडे ती चालूच राहिली. कुठे दर खेळामागे, कुठे आठवड्याला, कुठे पडद्यामागे एकरकमी.

यावरून मार्च २०१८मध्ये दक्षिणेतल्या निर्मात्यांनी नवे सिनेमे लावणंच थांबवलं. इतर राज्यांत लवकर तडजोड झाली, तमिळनाडूत मात्र जवळपास दीड महिना नवा तमिळ सिनेमा लागला नाही.

लहान सिनेमाला ही फी का झोंबते ते एका मांडलेल्या हिशोबावरून बघा. समजा एका पडद्याची एकरकमी फी दहा हजार आहे. कर वजा जाता तिकिटाचे दीडशे रुपये उरतात आणि निम्मे, म्हणजे पंचाहत्तर, निर्मात्याकडे येतात. नुसती फी निघायला १३४ प्रेक्षक हवेत. मोठ्या सिनेमाचे त्या पडद्यावर रोज पाच खेळ असतील तर हे पहिल्याच दिवशी जमतं. मराठी सिनेमाला दुपारचा एकच खेळ असेल तर आठवडाभर रोज एकोणीस-वीस माणसं आल्यावर फी फिटते, आणि तीन दिवसांत सिनेमा उतरला तर फिटतच नाही.

प्रिंटचेही पैसे निर्माताच देत होता, मग आता तक्रार कसली, असं कुणी विचारेल. फरक असा की प्रिंट त्याची मालमत्ता होती. पुण्यात चालली नाही तर तीच पेटी बार्शीला जायची, नव्याने पैसे न मोजता. इथे एकरकमी फी प्रत्येक पडद्यासाठी वेगळी भरावी लागते. थिएटरवाल्यांची बाजूही खोटी नाही. प्रोजेक्टरचा दिवा ठरावीक तासांनी बदलावा लागतो, सर्व्हर जुने होतात, आणि एकपडदा थिएटर चालवणाऱ्याचं कंबरडं आधीच मोडलेलं आहे. माझं म्हणणं एवढंच की फी खेळांच्या प्रमाणात असावी. ज्याला एकच खेळ दिला, त्याच्याकडून पाच खेळांचं भाडं घेऊ नये.

"पण प्रेक्षकच येत नाहीत, त्याला यंत्र काय करणार?"

हा आक्षेप सगळ्यात जास्त ऐकू येतो आणि त्यात तथ्य आहे. सुमार सिनेमे निघतात. कधी एकाच शुक्रवारी तीन-चार मराठी सिनेमे येऊन एकमेकांचेच पाय ओढतात. सोमवारी रिकामा हॉल चालवायला थिएटरवाल्याला वीज आणि माणसं फुकट मिळत नाहीत.

पण नऊ तिकिटं गेलेला तो खेळ कोणत्या वेळेचा होता तेही विचारायला हवं. कामाच्या दिवशी दुपारी पाऊणचा खेळ दिला आणि मग माणसं आली नाहीत म्हणून तोही काढला, तर तो आकडा प्रेक्षकांच्या आवडीबद्दल फारसं काही सांगत नाही. माझी आई मोबाइलवर एकटी तिकीट काढू शकत नाही. तिच्या वयाचे प्रेक्षक खिडकीवर येऊन तिकीट घेतात, सकाळच्या बुकिंगच्या आकड्यात ते दिसतच नाहीत.

पैशाच्या वाटणीनेही पहिल्या आठवड्याचं वजन वाढवलं आहे. २००९मध्ये हिंदी निर्माते आणि मल्टिप्लेक्स यांचं दोन महिने भांडण चाललं. त्यानंतर ठरलेलं ढोबळ सूत्र असं: पहिल्या आठवड्यात निर्मात्या-वितरकाचा वाटा ५० टक्के, दुसऱ्यात ४२.५, तिसऱ्यात ३७.५, पुढे ३०. म्हणजे त्याची सर्वांत जास्त कमाई पहिल्या सात दिवसांत, आणि लहान सिनेमाला तेच सात दिवस पूर्ण मिळत नाहीत.

"सरकारचा नियम आहे ना?"

आहे. एप्रिल २०१५मध्ये महाराष्ट्र सरकारने मल्टिप्लेक्सनी प्राइम टाइमला मराठी सिनेमा दाखवावा असं जाहीर केलं. आधी संध्याकाळी ६ ते ९ अशी वेळ होती. विरोध झाल्यावर ती दुपारी १२ ते रात्री ९ झाली. दुपारी सव्वाबाराचा खेळही मग प्राइम टाइमच ठरतो. नियम पाळला जातो आणि नोकरी करणारा माणूस तरी सिनेमा बघू शकत नाही. वेळेपेक्षा मुदतीचा नियम जास्त कामाला येईल असं मला वाटतं: लावलेला सिनेमा पहिला गुरुवार येईपर्यंत, निदान एका संध्याकाळच्या खेळाला, काढायचा नाही. पेटी जे वजनाने करत होती ते आता करारात लिहावं लागेल.

"ओटीटीवर येईलच की"

काही येतात, बरेच येत नाहीत. आणि ओटीटीवाल्यांशी बोलणी होतात तेव्हा थिएटरात किती चालला हा प्रश्न पहिल्यांदा निघतो. तीन दिवसांत उतरलेल्या सिनेमाच्या निर्मात्याला त्या टेबलावर बोलायला फारसं काही उरत नाही.

उतरलेल्या सिनेमाचं पुढे काय होतं?

यावर कमी बोललं जातं आणि मला याचीच सर्वांत जास्त काळजी वाटते. वीस प्रिंट निघाल्या की त्यातल्या चार-दोन कुठल्यातरी गोदामात पडून राहायच्या. हरवला असं मानलेला सिनेमा अशाच एखाद्या विसरलेल्या पेटीमुळे परत मिळाल्याची उदाहरणं जगभर आहेत. फिल्म अमर नव्हती. जुनी नायट्रेट फिल्म भडकन पेटते. जानेवारी २००३मध्ये पुण्यात प्रभात फिल्म कंपनीच्या जुन्या आवारातल्या कोठाराला आग लागली आणि शेकडो सिनेमांची रिळं गेली. पुढच्या काळातली ॲसिटेट फिल्म दमटपणाने सडते, डबा उघडला की व्हिनेगरचा वास येतो. पण नीट जपली तर ती अनेक दशकं टिकते. १९६४मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात अशी रिळं थंड, कोरड्या खोल्यांत ठेवलेली आहेत.

डिजिटल सिनेमाची अशी पेटी नसते. किल्लीची मुदत संपते, थिएटरचा सर्व्हर जागा करण्यासाठी फाइल पुसतो. उरते ती निर्मात्याच्या कपाटातली हार्ड डिस्क. ती चार-पाच वर्षं न फिरवता ठेवली तर सुरू होईलच याची खात्री नाही. मोठे संग्रह चुंबकीय टेपवर प्रत ठेवतात, पण दर काही वर्षांनी यंत्रांची पिढी बदलते आणि सगळं नव्या टेपवर उतरवावं लागतं. लहान निर्मात्याला हे कुणी सांगतही नाही. आणि डिस्क सुरू झाली, पण तिच्यावर कुलूपबंद डीसीपीच निघाली, तर तिची किल्ली पुन्हा बनवून देणारं कुणी शिल्लक असायला हवं.

म्हणून ओळखीचा कुणी सिनेमा काढत असेल तर मी त्याला एकच विनंती करते: कुलूप नसलेली एक प्रत वेगळी ठेव, दोन डिस्कवर, दोन घरांत, आणि एक संग्रहालयात दे. ऑपरेटर काकांनी मला जोडातून निघालेला बोटभर तुकडा दिला होता, तो अजून माझ्याकडे आहे. सिनेमा कोणता ते माहीत नाही. खिडकीशी धरला की दिसतं: नऊवारीतली एक बाई बैलगाडीतून उतरते आहे, एका चित्रात तिचा पाय चाकाच्या आरीवर, पुढच्यात जमिनीला लागायला आलेला.